रुळाच्या वाटेचा खिळा

सकाळचे आठ वाजले होते. ट्रान्सफॉर्मर गाडीवर आवळून बांधलेला होता. गाडी डोंगराच्या पायथ्याशी उभी होती. ड्रायव्हर महेशभाईचे दोन चहा पिऊन झाले होते. आणि वर जायला जो खिळा लागतो, तो सापडत नव्हता.

"खिळा नाय, तं गाडी नाय," लखमा काका म्हणाले.

"काका, काल संध्याकाळी मी स्वतः तुमच्या हातात दिलाय तो."

हे मी फार ठामपणे बोललो. पुढे त्या ठामपणाचीच मला लाज वाटली, म्हणून ते आधी सांगून टाकतो.

मी वीज कंपनीत इंजिनिअर होतो. नोकरीची शेवटची नऊ वर्षं डहाणू-तलासरी भागात गेली, राहायला मसोलीला होतो. ही गोष्ट २०१६ सालच्या मार्चमधली.

रस्त्याकडेला दोन खांबांच्या मध्ये एक राखाडी पेटी बसवलेली दिसते, तिला लोक डीपी म्हणतात. ती पेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. मोठ्या लाइनमधून अकरा हजार व्होल्ट येतात, ते घरात चालतील इतके कमी करायचं तिचं काम. आत तारांची गुंडाळी आणि तेल असतं. ती जळाली की जागेवर दुरुस्त होत नाही. उतरवायची आणि दुसरी चढवायची.

डोंगरावरच्या एका पाड्याची डीपी सोमवारी रात्री जळाली. एरवी अशा पाड्यावरून तक्रार यायलाच दोन दिवस जातात. अंधाराची त्या लोकांना सवय आहे, आणि आमच्या ऑफिसच्या फेऱ्यांचीही. या वेळी मात्र मंगळवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी एक बाई पायरीवर बसलेली होती. नाव नवशी. पहाटे पाड्यावरून निघून पायी खाली आली होती आणि पुढे चारोटीला आमच्या ऑफिसपर्यंत मिळेल त्या गाडीने.

"साहेब, माझी अंडी मरतील," ती म्हणाली.

मला काही कळेना. तिने नीट सांगितलं. कोसबाडला तिने कोंबडीपालनाचं ट्रेनिंग घेतलं होतं. तिथल्या ओळखीतून अंडी उबवायचं मशीन वर्षभरासाठी वापरायला मिळालं होतं. पाड्यातल्या बायकांनी आपापल्या कोंबड्यांची अंडी त्यात ठेवायला दिली होती, दोनशेच्या आसपास. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. आज अठरावा दिवस होता, आणि मशीन रात्रीपासून बंद होतं.

"मग आता अंड्यांचं काय केलंय?"

"पाड्यात जेवढ्या खुडूक बसलेल्या कोंबड्या होत्या तेवढ्या गोळा केल्या. सात मिळाल्या. बाकीच्या अंड्यांना गरम पाण्याच्या बाटल्या लावून गोधडीत गुंडाळलंय. उद्या दुपारपर्यंत मी धरीन, साहेब. त्याच्या पुढं नाय धरवणार."

"एवढी मेलीच तर पुन्हा लावता येतील ना?"

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "अंडी माझी नायत. बायकांनी एकदा दिली. मेली तर कोण परत देल?"

त्यानंतर मी बिनकामाचे प्रश्न विचारले नाहीत. स्टोअरमध्ये ट्रान्सफॉर्मर तयार पडला होता, ही आमच्याकडे क्वचित घडणारी गोष्ट. अडचण तो वर नेण्याची होती. मी मोठ्या साहेबांना फोन लावला.

"नव्या रस्त्याने न्या," साहेब म्हणाले.

"साहेब, मागच्या वर्षी त्या चढावर आपली खांबांची गाडी दुसऱ्या वळणावरून मागे घसरली होती."

"मग?"

"जुनी रुळाची वाट आहे."

"रेकॉर्डवर तो रस्ता आहे का?"

"नाही."

"मग तो रस्ताच नाही, राऊत."

"आज जीप घालून बघून येतो. जमण्यासारखं असलं तर उद्या गाडी घालतो."

"काय ते बघा. मला काही सांगू नका."

आमच्या खात्यात याला मंजुरी म्हणतात.

रुळाची वाट म्हणजे काय, ते सांगायला हवं. फार पूर्वी जंगलातलं लाकूड खाली आणायला त्या डोंगराच्या कडेने लहान रेल्वे टाकली होती. रूळ केव्हाच उपटून नेले. राहिली ती त्यांची बैठक, डोंगर कापून केलेली, जेमतेम एका गाडीच्या रुंदीची. पण रेल्वेला चढ सोसत नाही. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर, जरा चढ वाढला की चाक जागच्या जागी फिरतं. त्यामुळे रूळ टाकणारे घाई करत नाहीत. डोंगराला वळसे घालत, गाडीला कळणारही नाही असं हळूहळू वर नेतात. नवा रस्ता दम लागेपर्यंत सरळ चढतो, ही वाट त्याच्या तिप्पट लांब आणि एका लयीत चढणारी. जड गाडीला तीच मानवते.

मंगळवारी दुपारी मी, नवशी आणि आमचा लाइनमन धर्मा जीपने निघालो. ऑफिसचा ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून स्टिअरिंगवर मीच. पायथ्याशी चिंचेखाली लखमा काकांची टपरी आहे. सत्तरीचा माणूस, डोक्याला पंचा. त्यांनी धर्माच्या हातात वीतभर लांबीचा लोखंडी खिळा दिला, चौकोनी डोक्याचा, रूळ ठोकायला वापरायचे तसला. त्याला लाल चिंधी बांधली होती. धर्माने तो दोन्ही हातांनी घेतला. आमच्या भागात वाटेच्या तोंडाशी कुठला ना कुठला देव असतोच. मला वाटलं त्याचंच काही असेल. मी मनातल्या मनात हात जोडले आणि गिअर टाकला. धर्मा काहीतरी समजावून सांगत होता, पण माझं सगळं लक्ष पुढच्या दगडांत होतं.

वाट खडबडीत होती. रुळांखालचे स्लीपर उपटले त्या जागी खळगे राहिलेले, त्यामुळे जीप सारख्या अंतराने डुलायची. डावीकडे कापलेला कातळ, हात बाहेर काढला तर लागेल इतका जवळ. उजवीकडे दरी. पळस फुलला होता आणि मोहाचा गोड, थोडा आंबूस वास येत होता. अर्ध्यावर एक मोठा दगड आहे, तिथे मोबाइलला रेंज येते. त्या दगडावरून पश्चिमेला चिकूच्या वाड्यांचा काळपट हिरवा पट्टा आणि त्याच्या पलीकडे समुद्राची रेघ दिसते. इतकी वर्षं या भागात काढली, पण असं काही इथे आहे याचा मला पत्ता नव्हता. चढ मात्र खरोखर कळत नव्हता. सगळी वाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर झाली आणि इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. गाडी वर येणार, हे मी तिथेच ठरवलं.

वर नवशीने मला अंडी दाखवली. एकेक अंडं उचलून ती मिटलेल्या पापणीला लावायची. पापणीला कोमट लागलं तर ठीक, गार लागलं तर बाटली बदलायची. मशीनचा थर्मामीटर होता, पण तिचा विश्वास पापणीवर जास्त. कोंबड्या टोपल्यांत फुगून बसल्या होत्या आणि मी जवळ गेलो की गुरगुरायच्या.

जळालेली डीपी उतरवायला धर्मा रात्री वरच राहणार होता. मी निघालो तेव्हा त्याने खिळा माझ्यासमोर डॅशबोर्डवर ठेवला. "साहेब, खाली गेल्यावर लखमा काकाला द्या."

"हो."

उतारावर तो खिळा डॅशबोर्डवर सारखा खडखडत होता. मला आवाज सहन होत नाही. मी तो उचलला आणि मागच्या टूल बॅगेत टाकला. रेंजच्या दगडाशी पोचलो तर मोठ्या साहेबांचा फोन आला. "मला काही सांगू नका" म्हणणाऱ्या साहेबांना आता सगळं सांगायला हवं होतं. दहा मिनिटं त्यात गेली. खाली पोचलो ते डोक्यात राग घेऊनच. लखमा काकांकडे चहा घेतला, पैसे त्यांच्या हातावर ठेवले, निघालो.

त्यांच्या हातात काहीतरी ठेवल्याचं मला पक्कं आठवत होतं. ते चहाचे पैसे होते.

आता बुधवार सकाळ. खिळ्याचा नियम मला तेव्हा नीट कळला, आणि तोही लखमा काकांनी दोनदा सांगितल्यावर. वाटेवर बाजूला व्हायला कुठेही जागा नाही. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मैलभर मागे जावं लागतं, आणि दरी उजवीकडे आहेच. त्यामुळे खिळा ज्याच्याकडे, त्याचीच गाडी वाटेवर. खिळा एकच. वर पोचलेला गाडीवाला तो वाटेच्या वरच्या टोकाशी असलेल्या घरी देतो. वरून गाडी निघणार नसेल तर खाली येणारा कोणीही पायी माणूस तो बरोबर आणतो. बाजाराला उतरणाऱ्या बायका भाजीच्या पाटीत घालून आणतात.

आणि मी खाली येऊन गेल्यापासून खिळ्याचा पत्ता नव्हता. खालच्यांना वाटत होतं वर असेल, वरच्यांना वाटत होतं खाली असेल. वरून पायी आलेल्या दोघांनी सांगितलं की वर एक पिकअप रात्रीपासून थांबलीय. खाली आमच्या गाडीमागे सुक्या बोंबलाच्या टोपल्या घेऊन वरच्या बाजाराला निघालेला टेम्पो उभा होता. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं, कोणी चिडत नव्हतं. चिडलो होतो मी एकटा.

"साहेब म्हनतात दिला," लखमा काका स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे दिला असंल. माझ्याच ध्यानात नसंल."

आणि त्यांनी शोधायला सुरुवात केली. टपरीची फळी उचलून पाहिली. साखरेचा डबा रिकामा केला. मागच्या झोपडीतलं अंथरूण बाहेर आणून झटकलं. कोंबड्यांचा खुराडा उघडला. मी गाडीला टेकून घड्याळ बघत होतो.

नऊ वाजले, दहा वाजले. नवशीची दुपार जवळ येत होती.

"काका, एका खिळ्यासाठी माणसांची कामं अडवायची? वर बाई अंडी पापणीला लावत बसलीय. मी हॉर्न वाजवत वर जातो."

"हॉर्न वळणापल्याड जात नाय, साहेब."

"महेशभाई, गाडी चालू करा."

महेशभाई तलासरीचा. घरात गुजराती, धंद्यात मराठी. त्याने चावी खिशात घातली. "साहेब, काका ना बोले छे ने. मग मी नाय जाणार. ट्रान्सफॉर्मर तुमचा, गाडी माझी."

लखमा काका अंथरुणाची घडी घालत होते. वर न बघता म्हणाले, "माझा भाऊ गाडी मागं घेत होता. त्या सालापासून खिळा हाय."

मी गाडी काढायचा नाद सोडला. पण मनात राग होताच, खोटं कशाला सांगू. म्हातारा विसरला आणि खोळंबा माझा, असंच वाटत होतं. खिळा हरवला तर वरचा आणि खालचा असे दोन जाणते रेंजच्या दगडाशी भेटतात आणि नवा ठरवतात. तसा निरोप घेऊन काकांचा पुतण्या आठ वाजताच वर गेला होता, पण वरचे जाणते रानात होते. त्यांना शोधून आणायला वेळ लागणार होता.

साडेअकराला महेशभाई म्हणाला, "साहेब, ट्रान्सफॉर्मरचा एक नट सैल वाटतो. पाना द्या ने."

मी जीपमधून टूल बॅग काढली, गाडीच्या फाळक्यावर ठेवली आणि चेन ओढली. वरच लाल चिंधी होती.

महेशभाईने पाहिली. टेम्पोवाल्याने पाहिली. टेम्पोतल्या बोंबीलवाल्या मावशीने मान वळवून समुद्राच्या दिशेला पाहायला सुरुवात केली, हे तिचे उपकार. मी खिळा हातात घेऊन लखमा काकांसमोर उभा राहिलो. नोकरीत साहेब लोकांनी मला पुष्कळदा झापलं आहे, पण इतकी शरम मला कधीच वाटली नव्हती.

"काका, माझ्याकडेच होता. चुकलो मी."

त्यांनी खिळा घेतला, फिरवून पाहिला, चिंधीची गाठ घट्ट केली. "मिळाला ना. माझी याद अजून शाबूत हाय म्हणायची."

एवढंच. मग ते महेशभाईच्या शेजारी केबिनमध्ये चढून बसले, खिळा मांडीवर ठेवून.

"काका, तुम्ही कशाला येताय?"

"साहेबाच्या हाती नको," ते म्हणाले.

टेम्पोवाल्याला हसू आवरेना. मी मुकाट्याने जीप गाडीच्या मागे लावली. एका खिळ्यावर सलग दोन गाड्या चालतात, फक्त काकांनी तसं म्हणावं लागतं.

गाडी पायी माणसाच्या वेगाने चढली. कुठेही थांबली नाही, कुठेही मागे सरकली नाही. दोर एकदाही ताणला नाही. वर पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. नवशी दारात होती. उशीर का झाला, हे तिने विचारलं नाही.

"लाइट किती वाजता येल?"

"सहा, साडेसहा."

ती आत गेली आणि चुलीवर पुन्हा पाणी ठेवलं.

धर्माने जुनी डीपी उतरवून ठेवली होती. पाड्यातले आठ-दहा जण साखळीला लागले, चेन पुलीवर नवा ट्रान्सफॉर्मर इंचाइंचाने वर गेला. जोडण्या झाल्या, तेल तपासलं. सव्वासहाला काम संपलं. आता फक्त लाइन चालू करायची होती.

लाइनवर काम करायचं तर आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यावं लागतं. परमिट म्हणजे त्याचा शब्द, की मी लाइन बंद केलीय आणि तू परमिट परत देईपर्यंत चालू करणार नाही. ज्याने घेतलं, त्यानेच ते परत करायचं. कारण लाइनवर कोण चढलंय आणि कोण उतरलंय, हे त्यालाच ठाऊक. हे परमिट धर्माच्या नावावर होतं, आणि धर्मा तारेखालून पलीकडच्या टेकडीपर्यंत चालत गेला होता, सगळी माणसं बाजूला आहेत ना हे बघायला.

वेळ वाचावा म्हणून मी लखमा काकांना जीपमध्ये घेतलं, खिळ्यासकट, आणि रेंजच्या दगडावर गेलो. ऑपरेटरला फोन लावला.

"काम झालंय. चार्ज कर."

"साहेब, परमिट धर्माचं आहे."

"मी सांगतोय ना. राऊत बोलतोय."

"आवाज ओळखला, साहेब. पण धर्मा बोलल्याशिवाय मी चार्ज करणार नाही."

"अरे, इथे एक बाई..."

"साहेब, तुम्हीच शिकवलंय."

तो खरंच माझ्याच हाताखाली काम शिकला होता. मी फोन खाली केला. लखमा काका दगडावर बसून हे ऐकत होते.

"काय म्हनतो?"

"म्हणतो, धर्माकडे एक कागद आहे, तो परत आल्याशिवाय लाइट सोडणार नाही."

काकांनी मांडीवरचा खिळा उचलून धरला. "म्हंजे तुमच्यातबी खिळा हाय."

तेतीस वर्षं मी तोच नियम पाळत आणि दुसऱ्यांकडून पाळून घेत आलो होतो. मंत्र्याचा फोन आला तरी परमिटशिवाय लाइन चालू केली नव्हती. तोच नियम चिंधी बांधून समोर आला तेव्हा मी त्याला हात जोडले आणि टूल बॅगेत टाकला.

वीस मिनिटांनी धर्मा पायवाटेने धापा टाकत दगडापर्यंत आला, फोनवरून परमिट परत केलं. दरीपल्याड पाड्यात एक दिवा लागला, मग बाकीचे. आम्ही वर परतलो तेव्हा नवशीच्या मशीनवर लाल आकडे दिसत होते आणि ती अंडी एकेक करून आत ठेवत होती.

शनिवारी मी पुन्हा गेलो. काकांकडून खिळा घेतला, वर पोचून वरच्या घरी दिला, आणि दिल्याचं त्या घरातल्या माणसाकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. नवशीच्या घरात खोका भरून चिवचिवाट होता. शंभरावर पिल्लं निघाली होती.

"छान झालं," मी म्हणालो.

"झालं. कोंबड्यांखालची बहुतेक सगळी निघाली," ती म्हणाली. "बाटल्यांजवळची बुधवारी दुपारी गार पडली. सकाळी आला असतात तं तीबी निघाली असती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. बायका पुन्हा अंडी देणार का, विचारलं. देतील म्हणाली, शंभर पिल्लं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. मग मी बुधवारी सकाळी खिळा कुठे होता ते तिला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. सगळ्या पाड्याला माहीत होतं.

ब्रेकडाउन रिपोर्टमध्ये विलंबाचं कारण लिहायला एक रकाना असतो. मी लिहिलं, 'वाटेवरचा खिळा अभियंत्याच्या टूल बॅगेत राहिल्यामुळे साडेतीन तास विलंब.' मोठ्या साहेबांचा फोन आला.

"हे काय लिहिलंय, राऊत?"

"घडलं ते, साहेब."

"कोणत्या वाटेवर?"

"रुळाच्या."

"ती रेकॉर्डवर नाही. खोडा."

मी खोडलं. जो रस्ता रेकॉर्डवर नाही, त्यावर झालेली चूकही रेकॉर्डवर येत नाही. म्हणून ती इथे लिहिली.